साबणाचा हात

साचेकाकांचा सगळा जन्म उलट्या माणसांत गेला. साच्यात सगळं उलटं असतं. नाकाच्या जागी खड्डा, डोळ्याच्या खोबणीच्या जागी फुगवटा. नवख्याने आत डोकावलं तर त्याला नुसती गुहा दिसते. काकांना मात्र तेवढ्यावरून माणूस हसतोय की दातओठ खातोय ते कळायचं. रस्त्यात कुणी भेटलं की त्यांची नजर आधी त्याच्या कानामागे जायची, कारण डोक्याच्या साच्याचे दोन भाग कानामागून पाडायचे असतात. त्यांची बायको म्हणायची, लग्नात यांनी माझ्या तोंडाकडे ढुंकून पाहिलं नाही, कान तेवढे पाहून ठेवले.

काम करायचे ते एका शिल्पकार बाईंच्या स्टुडिओत. लांबट, उंच छपराची खोली, उत्तरेकडे काचा, जमिनीवर वर्षानुवर्षांचं प्लास्टर सांडून झालेलं कवच. मागच्या अंगणात पाथरवट बसायचा. आणि काकांच्या हाताखाली त्यांची मुलगी, जिला सगळे छिन्नी म्हणायचे. अंगाने काटकुळी आणि जिभेला धार, म्हणून छिन्नी. हे नाव बापानेच ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की तिच्या शाळेत जाणाऱ्या पोरीलाही कुणी विचारलं तर ती बिनदिक्कत सांगायची, माझ्या आईचं नाव छिन्नी.

अधूनमधून स्टुडिओ बघायला माणसं यायची. बाई बोलायला कंटाळायच्या, मग काका पुढे व्हायचे. सगळ्यांना त्यांचं एकच भाषण. शिल्प करायच्या वाटा तशा थोड्याच. एक, माती लावत जायची. आत तारेचा आणि लाकडाचा सांगाडा, नाहीतर ओल्या मातीची मान रात्रीत खाली येते. दुसरी, दगड काढत जायचं. भिंतीला पाठ लावून अर्धंच बाहेर आलेलं ते उठावाचं काम, आणि ज्याच्याभोवती चारी बाजूंनी फिरता येतं ते पूर्ण. मग ते हळूच पाथरवटाकडे बघून म्हणायचे, "माती म्हणजे माहेर. चुकलीस तरी परत घेते. दगड म्हणजे सासर. एकदा गेलं ते गेलं." यावर अंगणातून पाथरवट ओरडायचा, "आणि साचा म्हणजे बाळंतपण. त्यात माझ्यासारख्या सभ्य माणसाने पडू नये."

पाथरवट थट्टेत म्हणायचा, पण ते खोटं नव्हतं. माती टिकत नाही. सुकली की तडकते, ओली ठेवली की कुजते. म्हणून तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा. स्टुडिओत बहुतेक वेळा एकदाच वापरायचा साचा करत. मातीच्या डोक्यावर कानामागून पत्र्याच्या पट्ट्या खोचायच्या, म्हणजे साच्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग होतात. पहिला पातळ थर निळा रंग घातलेल्या प्लास्टरचा, बोटांनी उडवून. त्यावर जाड पांढरा, काथ्या घालून. घट्ट झालं की दोन्ही भाग उघडायचे आणि आतली माती खरवडून काढायची. ती चिखल होऊनच निघते. बाईंनी महिनोन्‌महिने केलेलं काम त्या दिवशी बादलीत जातं. मग साचा आतून धुवायचा, त्याला साबणाचे हात द्यायचे, वर तेलाचं बोट फिरवायचं, दोन्ही भाग बांधून उलटे ठेवायचे आणि मानेच्या भोकातून पांढरं प्लास्टर ओतायचं. ते आवळलं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. निळं दिसलं की समजायचं, चेहरा जवळ आला, आता हात आवर. साबण नीट लागलेला असेल तर निळी टरफलं अंड्याच्या कवचासारखी सुटतात आणि आतून माणूस बाहेर येतो. तो फोडलेला साचा परत कामाचा नसतो. म्हणजे माती गेलेली, साचाही गेलेला, आणि जे हातात उरतं ते एकुलतं एक.

या सगळ्यात साबण लावायचं काम काकांचं. ते त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. मऊ साबण कोमट पाण्यात कालवायचे, ब्रशने फेस करायचे, तो फेस कापडाने टिपून घ्यायचे आणि मग नुसत्या बोटांनी एकेका सुरकुतीत शिरायचे. चांगला साबण लागलेल्या साच्याला हात लावला तर तो मासळीसारखा निसटतो. छिन्नी निळं कालवायची, काथ्या पिंजायची, साचा फोडायची, पण साबणाच्या वाटीला तिने हात लावला की ते तिच्या बोटांवर ब्रश मारत. म्हणत, मी मेल्यावर लाव.

मरायच्या आधीच वेगळं काहीतरी सुरू झालं. प्रथम घरात दिसलं. नळ सुरू ठेवून निघून जायचे. एकदा शर्टावर शर्ट घातला आणि उकडतंय म्हणून दिवसभर कुरकुरले. डब्यात पोळीभाजीच्या जागी कानस निघाली तेव्हा स्टुडिओत सगळे हसले, काकाही हसले, छिन्नीही हसली, पण कानस तिने गुपचूप उचलून जागेवर ठेवली. मग ते त्यांच्या धाकट्या भावाची चौकशी करू लागले. भावाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्यांदा छिन्नीच्या आईने खरं सांगितलं आणि त्यांनी भाऊ नव्याने गेल्यासारखा शोक केला. त्यानंतर आई सांगायची, येईल, कामात असेल.

कामावर मात्र हात पक्के होते. डोकं विसरायचं ते हातांना आठवायचं. म्हणूनच आईने छिन्नीला बजावून ठेवलं होतं, बाईंना यातलं अक्षर कळता कामा नये. छिन्नीने कधी विषय काढला की आई चिडायची.

"घरी बसवलंस तर महिन्यात खाटेला खिळतील," आई म्हणायची. "तू आहेस ना शेजारी? लक्ष ठेव. आणि चारचौघांत त्यांना काही विचारू नकोस. त्यांना ते लागतं."

तर छिन्नी लक्ष ठेवायची. विचारायची नाही, नुसती बघायची. बापाच्या हाताकडे बघता बघता तिचं स्वतःचं काम अर्धं राहायचं. पाथरवट म्हणायचा, बापाला कुणाची दृष्ट लागेल म्हणून ही डोळ्यात तेल घालून बसते. तीही त्याला उलट काहीतरी सुनवायची. असं ते निभत होतं.

याच दिवसांत बाईंकडे एका मुलीच्या डोक्याचं काम आलं. मुलगी गेलेली होती. तिची आई स्टुडिओत यायची, आणि तिला तिच्या नावाने हाक मारायचं कुणाला जमलं नाही. सगळे तिला मुलीची आई म्हणत, तीही त्याला ओ देत असे. फोटो होते, पण फोटोत मुलगी नेहमी पळत असायची किंवा तोंड वाकडं करत असायची. बाई म्हणाल्या, तुम्हीच बसा माझ्याजवळ. मग ती बसायची. बाई मातीची गोळी लावायच्या, ती मान हलवायची. गाल एवढे नव्हते. कपाळ जरा पुढे. बाई अंगठ्याने गाल दाबायच्या, परत भरायच्या. कधी कधी ती उठून मातीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि हाताला लागलेली माती पुसायची नाही, तशीच घरी जायची.

मधल्या वेळात ती छिन्नीशी बोलायची. छिन्नी काथ्या पिंजत बसलेली असायची आणि पिंजणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं, कारण ते वर बघत नाही. ती पुन्हा पुन्हा एकच सांगायची. नुसता ताप होता. शाळेतून निरोप आला होता की अंग गरम आहे, घेऊन जा. मी म्हटलं, सुट्टी झाल्यावर नेते, एवढं काय. तेवढंच सांगायची. पुढचं कधी सांगितलं नाही आणि छिन्नीने कधी विचारलं नाही. पण त्या दिवसांपासून छिन्नी आपल्या पोरीच्या कपाळाला येता जाता हात लावू लागली. पोर वैतागायची, आई, मी काय प्लास्टर आहे का, गरम झालं की गार झालं बघायला.

चेहरा जमता जमत नव्हता. सगळं बरोबर होतं आणि ती मुलगी नव्हती. बाईंनी दोनदा सगळं उतरवून परत लावलं. मग एक दिवस मुलीची आई म्हणाली, वरचा ओठ. समोरचा दात हलत होता ना, ती जिभेने सारखी त्याला ढकलायची, म्हणून ओठ असा जरासा, एका बाजूने. तिने स्वतःच्या तोंडाने करून दाखवलं. बाईंनी तांदळाएवढी माती उचलली, ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली आणि नखाने बसवली. मुलीची आई बघत राहिली. मग म्हणाली, "आली."

त्यानंतर बाईंनी मातीला हात लावला नाही. दुसऱ्याच दिवशी साचा घ्यायचं ठरलं. मुलीच्या आईला त्या आठवड्यात येऊ नका म्हणून सांगितलं, कारण माती खरवडताना कुणा आईने बघू नये. काका त्या दिवसांत चांगले होते. पट्ट्या सरळ खोचल्या, निळा थर एकसारखा उडवला, साचा उघडताना कोपरासुद्धा दुखावला नाही. छिन्नीने माती काढली. डोळे मिटून काढली असं ती नंतर म्हणायची, पण डोळे मिटून माती काढता येत नाही. धुतलेल्या साच्यात ओठाचा तो कोपरा एका बारक्या खळीसारखा दिसत होता. काकांनी त्यात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाले, बाईंनी बहार केली.

साबण लावायच्या दिवशी छिन्नी शेजारीच बसणार होती. काकांनी कोमट पाणी घेतलं, वाटी काढली, आणि तेवढ्यात शाळेतून फोन आला. पोरीचं अंग गरम वाटतंय, घेऊन जाता का.

छिन्नीने पुढचं ऐकलंच नाही. हातातला काथ्या तिथेच टाकून ती धावली. बापाकडे वळूनही पाहिलं नाही. बस येईना म्हणून अर्धी वाट पळत गेली. शाळेत पोर ऑफिसच्या बाकावर पाय हलवत बसलेली. अंग कोमट. खेळात उन्हात पळाली होती, एवढंच. घरी नेऊन आजीजवळ सोपवली तर तिने जेवण मागितलं, आणि वरून दुसऱ्यांदा वाढायला लावलं. छिन्नी दारात उभी राहून तिला खाताना बघत राहिली आणि मग परत स्टुडिओकडे निघाली.

ती पोचली तेव्हा साचा बांधून तयार होता. दोन्ही भाग जुळवलेले, शिवणीवर प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या, सगळं उलटं करून लाकडी चौकटीत उभं केलेलं. मानेचं भोक वर. काका बाजूला बसून ब्रश पुसत होते. बाई खिडकीशी होत्या आणि पाथरवट चहासाठी आत आलेला होता.

काका म्हणाले, चल, भर लवकर.

छिन्नीची नजर वाटीवर गेली. वाटीत पाणी होतं. फेस होता की नव्हता, ते तिला नीट दिसलं नाही. ब्रश ओला होता. नुसत्या पाण्यानेही ब्रश ओला होतो. तिने आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "बाबा, साबण लावून झाला ना?"

काकांनी मान वर केली. आधी बाईंकडे पाहिलं, मग पाथरवटाकडे, आणि मग तिच्याकडे. चेहरा लाल झाला होता.

"तू मला विचारतेस? मला?"

पाथरवट म्हणाला, ऐका, काल जन्मलेली लेक बापाला आंघोळ शिकवते. बाई हसल्या. छिन्नीही हसली.

एवढंच करायचं होतं की मानेच्या भोकातून हात आत घालायचा आणि गालावर बोट फिरवायचं. बोट निसटलं तर साबण आहे, अडकलं तर नाही. पळभराचं काम. पण बाप बघत होता. चारचौघांत त्याच्या साच्यात हात घालणं म्हणजे सगळ्यांना ओरडून सांगणं, की या माणसाचा आता भरवसा राहिलेला नाही. आईने एवढंच तर बजावलं होतं. छिन्नीने बादलीत पाणी घेतलं, प्लास्टर भुरभुरवलं, कालवलं आणि ओतलं. काका साचा हलवत होते, म्हणजे प्लास्टर आत सगळीकडे फिरावं. हलवताना तोंडाने बारीक शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी साचा फोडायला तिने बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडी घेतली. मागून सुरुवात केली, नेहमीसारखी. पांढरी ढेकळं पटापट पडली. निळं दिसलं तेव्हा तिला हायसं वाटलं, उगीचच, कारण निळं तर तिने स्वतःच कालवलं होतं. तिने हात हलका केला आणि एका कडेला टोचा मारला. टरफल सुटायला हवं होतं. सुटलं नाही. निळ्याची भुकटी झाली. जरा पुढे मारून पाहिलं, तिथेही तेच. मग जोर केला तेव्हा निळा तुकडा निघाला आणि त्याच्या पाठीला चिकटून आतला पांढराही निघाला. केसांची एक बट त्याच्याबरोबर गेली.

छिन्नीने हातोडी खाली ठेवली. साच्याचं कोरडं प्लास्टर आणि ओतलेलं ओलं प्लास्टर, मध्ये साबण नसला की एकजीव होतात. पुढे एकच दगड उरतो. त्यातून मुलगी बाहेर काढायची तर आता पाथरवटासारखी काढायला हवी होती, कणाकणाने, आणि कुठे थांबायचं हे सांगणारी सीमा फक्त एक निळा रंग.

बापाला तिने काही सांगितलं नाही. तो दिवसभर दुसऱ्या कामात होता. बाई बाहेरगावी गेल्या होत्या, मुलीच्या आईला घेऊनच परत येणार होत्या. छिन्नीने दाताच्या डॉक्टरकडे असतात तशी बारीक पाती घेतली आणि चेहऱ्यावरचं निळं खरवडायला बसली. कपाळ बरं निघालं. गाल निघाले, पण त्यांच्यावरची कातडी गेली. बाईंच्या अंगठ्याचे ठसे, मातीचा तो जिवंत खरखरीतपणा, सगळं निळ्याबरोबर भुकटी होऊन मांडीवर पडत होतं. डोळ्यांचे कोपरे बुजले. ओठाशी ती सगळ्यात शेवटी गेली. श्वास रोखून पातं लावलं. डाव्या कोपऱ्यात निळं खोल शिरलं होतं. ते काढलं तर कोपरा जात होता, ठेवलं तर ओठावर जखमेसारखा डाग राहत होता. तिने काढलं. तांदळाएवढा कण होता. पात्यावर आला आणि तिथून कुठे पडला ते दिसलंही नाही.

समोर एक मुलगी होती. कुणाचीही असेल अशी.

बाई आल्या तेव्हा छिन्नी उठून उभी राहिली. मुलीची आई त्यांच्या मागे दारात होती. छिन्नीने वाट पाहिली नाही, कारण वाट पाहिली असती तर बोलता आलं नसतं.

"बाई, साबण राहिला. माझ्याकडून राहिला. या वेळी बाबांनी तो माझ्यावर सोडला होता. त्या दिवशी पोरीला ताप होता, मी घाईत होते."

बाई पुढे आल्या. त्यांनी चेहऱ्याला हात लावला नाही, फक्त वाकून पाहिलं आणि परत सरळ झाल्या. मागून काका आले. त्यांनी एक निळं ढेकूळ उचललं, पाठ उलटी केली, नखाने खरवडलं. त्यांच्याइतका जाणता माणूस त्या गावात नव्हता. त्यांना क्षणात समजलं.

"साबणच नाही," ते म्हणाले. आणि मग छिन्नीकडे वळले. असा त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं शिकवलं ते पाण्यात गेलं, म्हणाले. साचा धुवायचा, निथळू द्यायचा, मग साबण, फेस टिपायचा, परत साबण, परत टिपायचं, मग तेल, तेही बोटावर घेऊन, ओतून नव्हे. एकही पायरी त्यांनी चुकवली नाही. एखादा पाठ म्हणून दाखवावा तशी सगळी रीत त्यांनी घडाघडा म्हटली. "दुसऱ्याचं लेकरू होतं ते," म्हणाले. "तुझ्या हातात दिलं होतं." पाथरवटाचा हातोडा थांबला होता. छिन्नी मान खाली घालून उभी होती. आपल्याला रडू येत नाहीये याचंच तिला नवल वाटत होतं.

मुलीची आई इतका वेळ चेहऱ्याकडे बघत होती. समोरून पाहिलं, मग बाजूला जाऊन पाहिलं, मग स्वतः थोडी खाली वाकली, मूल समोर उभं असल्यासारखी. "ही नाही," ती म्हणाली. कुणावर रागावून नाही. दुकानात दाखवलेली वस्तू परत करावी तसं.

बाई म्हणाल्या, मी परत करते. पुन्हा बसू आपण. ती म्हणाली, माझ्याने आता होणार नाही. मी तेव्हा आठवून आठवून सगळं तुम्हाला दिलं, आता माझ्याजवळ काही उरलं नाही.

जाताना ती छिन्नीजवळ थांबली.

"तुझी मुलगी बरी आहे ना आता?"

छिन्नीने होकाराची मान हलवली. मुलीच्या आईनेही मान हलवली आणि ती गेली. त्या प्रश्नात टोचणी होती की नव्हती, याचा छिन्नीने पुढे खूप विचार केला. टोचणी नव्हती असंच तिला दर वेळी वाटलं, आणि दर वेळी त्याने जास्त लागलं.

बाईंनी संध्याकाळी तिला बोलावून घेतलं. शब्द वाढवले नाहीत. उद्यापासून तू माती मळ, साच्यांना हात लावू नकोस, म्हणाल्या. पुढच्या महिन्यात दुसरं डोकं आहे, ते काका एकटे करतील. काकांसारखा माणूस असताना मी ते तुझ्या हाती जाऊ दिलं, माझंही चुकलं.

छिन्नी तिथून बाहेर आली आणि दाराबाहेर उभी राहिली. बापाला वाचवायला तिने दोष अंगावर घेतला होता. आता त्याच दोषामुळे बाप एकटा साच्यासमोर बसणार होता, आणि शेजारी बघायलाही कुणी नसणार होतं. तिला वाटलं, परत आत जावं. पण काका कोट घालून तयार होते, घरी जायचंय म्हणत होते, आणि कोटाची बटणं त्यांनी वरखाली लावली होती. तिने ती सोडवून नीट लावली. त्यांनी लावू दिली.

वाटेत काकांनी एकदम तिच्या पाठीवर हात ठेवला. राग ओसरला होता.

"जास्त बोललो मी. मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "होतं असं माणसाच्या हातून. पोर आजारी असली की कुणाचं चित्त ठिकाणावर राहतं? मी बाईंशी बोलतो. सांगतो, तिला काढू नका, मी आहे ना तिच्यावर लक्ष ठेवायला."

छिन्नी चालत राहिली. काका सांगत होते, मीही उमेदवार होतो तेव्हा एकदा असाच घोटाळा केला होता, उस्तादाने आठवडाभर तोंड पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, धाकट्याने तेव्हा मला सांभाळून घेतलं. बऱ्याच दिवसांत आला नाही तो. ती म्हणाली, येईल, कामात असेल.

घराच्या दारात आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. काकांना आत घेतलं, चपला काढायला लावल्या. आतून पोरीचा आवाज येत होता, कसली तरी कविता पाठ करत होती. छिन्नीने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. आईला एवढंच म्हणाली, मी बाईंना सगळं सांगायला चालले आहे. आईने दाराची चौकट धरली. आत नवऱ्याकडे पाहिलं, आणि चौकट सोडली.

काकांना तिची पाठ दिसली.

"आता कुठे निघालीस?" त्यांनी आतून विचारलं.

"काम राहिलंय, बाबा."

"मग जा," ते म्हणाले. "अर्धवट ठेवू नये."

ती निघाली. स्टुडिओच्या काचांत अजून दिवा असेल तर बरं, आणि नसेल तर त्याहून बरं, असं वाटत ती चालत होती, पण पाय मात्र थांबत नव्हते.